जपानच्या ‘हे करू नका’ यादीची जन्मकुंडली

जपानला निघायच्या आठवडाभर आधी टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी येऊन पडते. बूट काढा. भातात चॉपस्टिक खोचू नका. टिप देऊ नका. ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका. कचरा पिशवीत घालून बरोबर ठेवा. अंगावर टॅटू असेल तर गरम पाण्याच्या कुंडात उतरता येणार नाही. वेळ पाळा, वेळ पाळा, वेळ पाळा. खाली बहुतेक एक वाक्य जोडलेलं असतं: जपानी संस्कृती हजारो वर्षं जुनी आहे, तिचा मान राखा.

मान राखायलाच हवा. पण यादीतल्या कित्येक गोष्टींचं वय आपल्या पणजोबांएवढंसुद्धा नाही, आणि त्यांतल्या काही तर जपानी लोकांनी परदेशी पाहुणे काय म्हणतील या धास्तीने अंगी बाणवल्या आहेत.

पाहुण्याच्या हातात सूचना ठेवायची पद्धत मात्र जुनी. १८५३ साली अमेरिकन नौदलाचा अधिकारी कमोडोर पेरी याची काळी जहाजं उरागाच्या किनाऱ्यापुढे येऊन उभी राहिली, पुढच्या वर्षी तह झाला आणि दोनशेहून जास्त वर्षं जवळजवळ बंद असलेल्या देशाचं दार किलकिलं झालं. नंतरच्या करारांनी परदेशी माणसाला ठरावीक बंदरांत राहायची मुभा मिळाली. तिथून दहा ‘री’, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, एवढंच हिंडायचं. त्यापुढे जायचं तर वेगळा परवाना. १८७८ मध्ये इझाबेला बर्ड ही इंग्रज बाई असा परवाना घेऊन टोकियोहून उत्तरेला निघाली आणि थेट होक्काइदोला पोचली. परवान्यावरच्या अटी तिने टिपून ठेवल्या आहेत. रानात आग पेटवू नये. कुठे आग लागली तर घोड्यावर बसून बघायला जाऊ नये. शेतात, कुंपणात शिरू नये. देवळांवर आणि भिंतींवर खरडू नये. अरुंद रस्त्यावर गाडी दामटू नये. ‘इथून रस्ता नाही’ अशी पाटी असेल तिथे घुसू नये. अधिकाऱ्यांशी आणि लोकांशी सलोख्याने वागावं.

घोडा सोडला तर यातली एकही अट आज शिळी वाटत नाही. देवळावर खरडण्याची अट वाचताना मला तर आपले गडकोट आठवले. तिथेही बदामात कोरलेली नावं काही कमी नाहीत.

परवान्याची भानगड १८९९ मध्ये नव्या करारांबरोबर संपली. त्याआधीच, १८९३ मध्ये, परदेशी पाहुण्यांची उठबस करायला ‘किहिनकाई’ नावाची मंडळी उभी राहिली होती. नकाशे छापायचे, मार्गदर्शिका काढायच्या, चांगले वाटाडे नेमून द्यायचे, अशी तिची कामं. तिच्या संस्थापकांपैकी एक होते उद्योगपती शिबुसावा एइइची. २०२४ च्या जुलैपासून दहा हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे, म्हणजे आजचा पर्यटक आपल्या या जुन्या यजमानाला खिशात घालून फिरतो.

परदेशी माणसाला अशा अटी लावणाऱ्या सरकारने खरी लांबलचक यादी काढली होती ती आपल्याच माणसांसाठी. १८७२ मध्ये टोकियोत किरकोळ गुन्ह्यांचा एक फतवा निघाला: रस्त्यावर उघड्या अंगाने फिरू नये, आडोसा बघून लघवीला बसू नये, सार्वजनिक न्हाणीघरात स्त्री-पुरुषांनी एकत्र आंघोळ करू नये, अंग गोंदवून घेऊ नये. बायकांनी उगाच केस कापू नयेत, हेही त्यातच. यामागे पाश्चात्त्यांची नजर होती. पेरीच्या मोहिमेच्या अधिकृत अहवालात शिमोदाच्या न्हाणीघराचं चित्र छापलं गेलं होतं, बायका-पुरुष एकाच खोलीत निवांत अंग घासताहेत असं. अमेरिकन वाचकांना धक्का बसला, आणि तो धक्का जपानी राज्यकर्त्यांच्या जिव्हारी लागला. पाश्चात्त्य देशांनी लादलेले असमान करार बदलून घ्यायचे तर ‘सुधारलेले’ दिसणं भाग होतं. एकत्र आंघोळीवरची बंदी तशी नवी नव्हती. १७९१ मध्ये शोगुनशाहीनेही, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीनेही, ती घालून पाहिली होती आणि लोकांनी ती फारशी मनावर घेतली नव्हती. या वेळी मात्र पोलीस दंडुका घेऊन उभे होते.

टॅटूचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. अठराव्या शतकापासून एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, चोरांच्या दंडावर शिक्षा म्हणून पट्टे गोंदवत. त्याच शहरात आग विझवणारे जवान आणि परांची बांधणारे कामगार पाठभर ड्रॅगन आणि मासे मिरवत. एकाच सुईने बेअब्रू आणि मर्दुमकी दोन्ही लिहिली जात होती. १८७० मध्ये शिक्षेचं गोंदणं बंद झालं, १८७२ च्या फतव्याने हौशीचंही. गंमत अशी, की परदेशी गिऱ्हाइकांची हौस चालूच राहिली. १८८१ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र जॉर्ज, पुढचा पाचवा जॉर्ज, जपानमध्ये हातावर ड्रॅगन गोंदवून घेऊन गेला. बंदी उठली १९४८ मध्ये, अमेरिकन ताब्याच्या काळात. तोवर हौशी गोंदण भूमिगत होऊन याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलं गेलं होतं. कुंडाच्या दारावरची ‘टॅटू चालणार नाही’ ही पाटी त्या टोळीवाल्यांसाठी होती. ती आपल्या पोराच्या मनगटावरच्या ‘आई’ला लागू पडते, हा इतिहासाचा आडवा फटका. २०१६ मध्ये सरकारच्या पर्यटन खात्याने कुंडमालकांना जरा सबुरीने घ्या, असं सांगितलं. आता कुठे चिकटपट्टी लावून आत सोडतात, कुठे नाही. आधी विचारलेलं बरं.

कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, या नियमाला मात्र फतव्याची गरज नव्हती. घरीसुद्धा एकाच टबातलं पाणी सगळं घर आळीपाळीने वापरतं. ते मळ काढायचं पाणी नव्हेच, अंग शेकायचं पाणी.

वेळ पाळणं हा तर जपान्यांचा जन्मजात गुण, अशी आपली ठाम समजूत. १८५७ मध्ये नागासाकीला नौदलाचं शिक्षण द्यायला आलेल्या कट्टेंडाइके या डच अधिकाऱ्याला कुणी हे सांगितलं असतं तर तो खदखदून हसला असता. जपानी लोकांच्या संथपणाने तो पार वैतागला होता. दुरुस्तीचं सामान समुद्राच्या भरतीच्या वेळेला पोचत नाही, एक कारागीर एकदाच उगवतो आणि परत तोंड दाखवत नाही, घोड्याकडे बघणारा माणूस नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला दोन दिवस गायब. आपल्याकडे सुतार लावलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. त्यात त्या माणसांचा दोष तरी काय? दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा, असं त्यांचं घड्याळ होतं. उन्हाळ्यात दिवसाचा ‘तास’ लांब, हिवाळ्यात आखूड. मिनिट ही चीज कुणाला लागतच नव्हती.

१८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा रेल्वे सुरू झाली, १८७३ मध्ये पाश्चात्त्य पंचांग आलं, मग शाळेची घंटा, कारखान्याचा भोंगा, सैन्याची हजेरी. तरी काम भागेना. १९२० मध्ये १० जून हा ‘वेळेचा स्मरणदिन’ ठरवण्यात आला, लोकांना वक्तशीरपणा शिकवायला. ज्या गुणासाठी दिवस पाळावा लागतो तो रक्तात असतो, असं कसं म्हणायचं? पण धडा असा गिरवला गेला, की २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून एक गाडी २० सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. उशिरा नव्हे, आधी.

टिपेची कथा मला सगळ्यात आवडते. जपानमध्ये टिप अपमान मानतात, असं यादी सांगते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या धर्मशाळावजा खाणावळींत आणि सरायांत ‘चादाई’ द्यावीच लागे. शब्दशः अर्थ चहाचे पैसे, म्हणजे आपलं ‘चहापाणी’. किती देता त्यावर खोली कुठली, अंथरूण कसलं आणि मालकीण किती वाकते हे ठरे. नेमकं किती द्यायचं हे कुणीच सांगत नसल्यामुळे प्रवासी हैराण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चादाई बंद करा, अशी चळवळच झाली आणि हळूहळू सेवेचे पैसे बिलात जाऊन बसले. आजही जुन्या वळणाच्या सरायांत, म्हणजे र्‍योकानमध्ये काही जपानी पाहुणे छोट्या पाकिटात घालून नोट हळूच देतात. टेबलावर सुटी नाणी टाकून निघालात तर मात्र पोऱ्या रस्त्यावर धावत येऊन ती परत करील, हे खरं.

आता जे खरोखर जुनं आहे त्याकडे येऊ. बूट काढणं मराठी माणसाला शिकवायला नको, पण तिथली गोम उंबऱ्यावर आहे. दारातून आत गेलं की खालच्या पातळीवरची छोटी जागा लागते, ती ‘गेनकान’. शब्द मूळचा झेन मठाच्या प्रवेशाचा. समोर वीतभर उंच लाकडी काठ. बूट खालीच सोडायचे आणि मोजा घातलेला पाय थेट वरच ठेवायचा. आपण काय करतो? बूट काढून त्याच खालच्या फरशीवर मोज्यांनी दोन पावलं टाकतो, मग वर चढतो. यजमान हसून बोलत राहतात, पण त्यांच्या लेखी बाहेरची धूळ आत आली. वर तातामी असते, गवताच्या विणीची जाड चटई. तिच्यावर बसायचं, जेवायचं, झोपायचं. दमट हवेमुळे जोत्यावर उचललेली घरं आणि बाहेर चिखल, यातून ही सीमारेषा पक्की झाली. संडासाच्या वेगळ्या सपाता ही तिचीच पुढची पायरी. त्या घालून दिवाणखान्यात परतणारा पर्यटक दर सहलीत एक तरी निघतोच.

चॉपस्टिकच्या दोन मनायांमागे तर मृत्यू उभा आहे. माणूस गेला की त्याच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवतात आणि त्यात चॉपस्टिक उभ्या खोचतात. जेवणाच्या टेबलावर तसं करणं म्हणजे भरल्या घरात पिंड मांडण्यासारखं. दुसरी मनाई, आपल्या चॉपस्टिकमधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नये. ही समजायला दहनानंतरच्या खोलीत डोकवावं लागतं. मराठीत आपण ‘अस्थी सावडणे’ म्हणतो, तसाच विधी तिथे आहे, फक्त तो चॉपस्टिकने होतो. राख निवली की नातेवाईक जोडीजोडीने पुढे येतात, एकच अस्थी दोघांनी मिळून उचलायची आणि कलशात ठेवायची. सुरुवात पायांपासून, शेवट डोक्याकडे, म्हणजे गेलेला माणूस कलशात उभा राहील, उलटा होणार नाही. मानेचा एक मणका बसलेल्या बुद्धासारखा दिसतो, तो सर्वांत शेवटी. आज जपानमध्ये जवळपास प्रत्येकाचं दहनच होतं, त्यामुळे टेबलावरच्या बहुतेक मोठ्यांनी हे कधी ना कधी स्वतःच्या हाताने केलेलं असतं. आपण बायकोला प्रेमाने भज्याचा तुकडा पुढे करतो तेव्हा समोरच्याला काय आठवतं, ते लक्षात आलं की यादी पाठ करावी लागत नाही.

शहरातले नियम पुन्हा कालपरवाचे. १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वीचं टोकियो घाणेरडं होतं. सुमिदा नदीला दुर्गंधी, रस्त्यावर कचरा, भिंतीशी उभे राहणारे पुरुष. पाहुणे येणार म्हणून शहर घासूनपुसून काढलं गेलं. म्हणजे १८७२ चीच गोष्ट नव्या कपड्यांत. त्याच वर्षी जपानी माणसाला हौसेखातर परदेशी जायची मोकळीक मिळाली आणि सूचनांची यादी त्याच्याच हातात आली: हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्रीच्या कपड्यांत फिरू नका, टबाबाहेर उभं राहून अंगावर पाणी ओतू नका. घरी जे शिष्टसंमत तेच परदेशात गावंढळ ठरलं. १९७३ मध्ये वृद्धांसाठी राखीव ‘सिल्व्हर सीट’ आली. रुपेरी का, तर शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या आसनांचं उरलेलं राखाडी-रुपेरी कापड हाताशी होतं. १९७४ पासून टोकियोच्या भुयारी रेल्वेने शिस्तीची पोस्टर लावायला सुरुवात केली, सिनेनट आणि सुपरहीरो घेऊन. पाय पसरून बसणारे, छत्री विसरणारे, फलाटावर सिगारेट ओढणारे प्रवासी भरपूर होते म्हणूनच ना?

आणि कचरापेट्या. २० मार्च १९९५ च्या सकाळी ओम् शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी टोकियोच्या पाच भुयारी गाड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सारीन विषाच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. डझनाहून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली. त्यानंतर स्टेशनांवरच्या पेट्या सीलबंद झाल्या, पुष्कळ ठिकाणी उचललेल्याच. काही परत आल्या, काही नाहीत, आणि लोकांना कचरा घरी न्यायची सवय लागली. हातात केळ्याची साल घेऊन अर्धा तास फिरणाऱ्या पाहुण्याला ती हजारो वर्षांची संस्कृती वाटते.

२००३ मध्ये जपानने ‘या’ म्हणून मोहीम काढली तेव्हा वर्षाला ५२ लाख परदेशी येत. २०२४ मध्ये आले ३ कोटी ६८ लाखांवर, त्यात भारतातले दोन लाखांहून अधिक. फुजिकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत नेमका दिसतो म्हणून एवढी झुंबड उडाली, की मे २०२४ मध्ये नगरपालिकेने समोर अडीच मीटर उंच काळा पडदा ताणला. थोड्याच दिवसांत त्याला डोळ्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या उंचीवर भोकं पडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने पडदा उतरवला.

क्योतोच्या गिओन भागात गेइको आणि माइको, म्हणजे तिथल्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा, कामाला निघतात त्या वेळी लोक मोबाइल घेऊन मागे लागत, कुणी किमोनोची बाही ओढी. २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. मुख्य रस्ता खुला आहे. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे, दहा हजार येन दंडाची. त्या पाटीवरही मुळात एवढंच लिहिलंय, की इथून रस्ता नाही.