सवय आणि सराव: दोन्ही रोजचेच, पण कामं वेगळी

रोज पहाटे लिहायला बसणारे, रोज वहीत काहीबाही रेखाटणारे पुष्कळ लोक माझ्या ओळखीत आहेत. काहींचं काम वर्षागणिक फुलत जातं, काहींचं पाच वर्षांपूर्वी होतं तिथेच राहतं. कष्टाला कमी कोणीच नाही. बहुतेकदा घोटाळा एवढाच असतो की त्यांनी सवयीलाच सराव मानलेलं असतं. दोन्ही रोज करायच्या गोष्टी, त्यामुळे बाहेरून सारख्याच दिसतात.

ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा मिळाली की मनाला न विचारता हात कामाला लागतात, ती सवय. सरावात मन हजर असावंच लागतं. जे जमत नाही तिथेच पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि चुकलं कुठे ते दाखवणारं कोणीतरी लागतं.

हा फरक डोळ्यांनी बघायचा तर आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या शाळेत जावं. गणेशमूर्ती घडतात त्या जागेला इकडे शाळाच म्हणतात. श्रावणात मूर्ती ज्यांवर घडवायच्या ते घरोघरचे पाट तिथे येऊन पडतात आणि मूर्तिकाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. माती मळणं, त्यातले खडे वेचणं, पाटावर बैठक घालणं, ब्रश धुऊन जागच्या जागी ठेवणं, हे सगळं गावच्या गप्पा मारता मारता होतं. हाताला सांगावं लागत नाही. मग डोळ्यांच्या आखणीची वेळ येते आणि गप्पा थांबतात. बारीक ब्रश, एका हाताला दुसऱ्या हाताचा आधार. वरच्या पापणीची रेघ ओढायची, मागे सरायचं, खाली बसून बघायचं, कारण घरात माणसं देवासमोर बसूनच त्याच्याकडे बघणार. एक रेघ केसभर वर गेली तर चेहरा रागीट दिसतो. आमच्या वाडीतल्या शाळेत शिकाऊ पोराला आधी उंदराचे डोळे देतात, तेही जाणत्या माणसाच्या नजरेखाली. आणि जन्मभर आखणी केलेला मूर्तिकारसुद्धा ती सवयीवर सोडत नाही. सोडली तर ओळीतल्या सगळ्या मूर्ती एकाच कोऱ्या नजरेने बघायला लागतील.

माती मळण्यात डोकं खर्च झालं असतं, तर आखणीला काही उरलं नसतं. सवयीचं मोल मला तिथे दिसतं.

दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, हेच आणखी ठळकपणे कळतं. तिथे लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. बघणाऱ्याला वाटतं, देणगीच आहे अंगात. पण आत जाऊन बघा: नट आपला चेहरा आपणच रंगवतो, बाईचं काम करणारा स्त्रीपार्टी लुगडं स्वतः नेसतो. हात आपलं काम करत असतात आणि डोक्यात आजचं आख्यान घोळत असतं. नवं सुचायला जी मोकळीक लागते, ती या सवयीतून मिळते. सुचायला लागणारा ऐवज मात्र सरावातून येतो: पुराणं ऐकणं, जुन्या नटाचं बोलणं विंगेतून कान देऊन टिपणं, काल रंगमंचावरच्या वादात आपण कुठे अडलो ते दुसऱ्या दिवशी कोणालातरी विचारणं.

अभ्यासकांनीही या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या आहेत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणून ‘२१ दिवसांत सवय लागते’ या हिशेबावर मी तरी विश्वास ठेवत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांबद्दल लिहिलं, ते सरावाविषयी होतं. सरस वादक एकट्याने दिवसाला सरासरी साडेतीन तास वाजवत, मध्ये विश्रांती घेत आणि दुपारी झोपही काढत. एवढं लक्ष दिवसभर पुरत नाही.

चालण्याचंही सांगायला हवं. २०१४ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. पण एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना चालण्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा संध्याकाळी पुळणीवरून, समुद्रकाठच्या वाळूवरून, फेरी मारायची सवय जरूर लावा, पण सुचलेलं तासायला बैठकच मारावी लागेल.

आपण नक्की काय करतोय हे ओळखायला मी एक प्रश्न वापरतो: आज नेमकं काय जमलं नाही? ‘चौथ्या ओळीत सूर उतरला’, ‘नाक चेहऱ्यावर बसलं नाही’ असं बोट ठेवून सांगता आलं, तर सराव झाला. ‘छान गेला तास’ एवढंच सांगता आलं, तर सवय पाळली. तीही वाईट नाही, पण तेवढ्याने हात सुधारेल अशी आशा धरू नये.

खंड पडला तरी दोघांची वागणूक वेगळी. पावसात वीज गेली, पाहुणे आले, एक दिवस बुडाला, तर सवय मोडत नाही. लॅलींच्या अभ्यासातही एखादा खाडा फारसा बाधला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी बसावं, कालचं भरून काढायला जाऊ नये. सरावाला मात्र ताजं डोकं लागतं. दिवसभर शेतात लावणी करून आलात, तर त्या रात्री नवी तान घोटू नका. येणारे दोन अभंग म्हणा आणि झोपा.