बांधकाम साहित्याची घट : सोलापूरच्या कामांमागचा इतिहास

दुकानात जाऊन हवे तेवढे सिमेंट आणता येणे, ही सोय फार जुनी नाही. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांवर सिमेंट आणि सळई विभागच ठेकेदाराला मोजून देई. मोजमापावरून किती पोती लागायला हवी होती ते काढायचे आणि जादा वापर दिसला तर चढ्या दराने बिलातून वसूल करायचा, अशी रीत होती. साहित्याचा ताळेबंद असा टंचाईतून आला. माल मुबलक झाला तशी खासगी कामांवर ही शिस्त सैलावली, आणि आजच्या घटीचे, म्हणजे साहित्य वाया जाण्याचे, मूळ बरेचसे तिथेच आहे.

त्याही आधीचे सोलापूर काळ्या दगडाचे, पांढऱ्या मातीचे, माळवदाचे. वाडा उतरवला की दगड, तुळया, चौकटी दुसऱ्या घराला लागत. चुन्याचा माल, म्हणजे वाळू-पाणी घालून कालवलेले मिश्रण, ओला झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही मळून वापरता येई. सिमेंटच्या मालाला ही सवलत नाही. पाणी पडल्यापासून दोन तासांत तो संपवावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तेवढाही वेळ मिळत नाही. तरी सकाळीच चार-पाच पोत्यांचा माल कालवून ठेवतात. दुपारी तो आवळला की पुन्हा पाणी मारतात, नाहीतर फेकतात. एका वेळी एकच पोते कालवावे.

वाळूची गोष्ट वेगळी. भीमा-सीनेची वाळू हाताशी होती तोवर तिच्या मापाकडे कुणी बारकाईने पाहिले नाही. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरली. पुढे क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, रुळली. माप मात्र ब्रासचेच राहिले, म्हणजे १०० घनफूट. ओलसर वाळू फुगते. फुगवटा २५ टक्के असेल तर ब्रासमध्ये खरी वाळू ८० घनफूटच येते. तपासायला बादली पुरते. ओलसर वाळू दाबल्याशिवाय २०० मिलिमीटर भरा, काढून घ्या, बादलीत पाणी घालून तीच वाळू परत टाका आणि ढवळून बसू द्या. थर १६० वर आला तर फुगवटा २५ टक्के. क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असली की पाणी जास्त लागते, मागोमाग सिमेंटही. शिवाय आपल्याकडच्या काळ्या मातीवर थेट ढीग टाकला तर पहिल्याच पावसात खालचा थर चिखलात जातो. आधी मुरूम दाबून घ्यावा.

सर्वांत मोठी गळती दिसत नाही, कारण ती भिंतीवर चढलेली असते. १२ मिलिमीटरचे प्लास्टर वीट ओळंब्यात नसल्यामुळे २० चे होते. १:४ मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) १०० चौरस मीटरला त्यापायी सुमारे ६ पोती जादा जातात. प्लास्टरच्या गवंड्याला बोलून उपयोग नाही; दोष वीटकामाचा.

सळईचा तुकडा निदान डोळ्यांना दिसतो. १२ मीटरच्या सळईतून साडेचार मीटरचे दोन नग काढले की ३ मीटर उरते, म्हणजे चौथाई. १२ मिलिमीटरची सळई असेल तर पावणेतीन किलोच्या आसपास. कापण्याआधी बारबेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे कोणत्या लांबीच्या किती सळया लागणार त्या यादीत, त्या ३ मीटरची जागा शोधली, तर तो तुकडा भंगारात जात नाही.

राडारोड्याला स्वतंत्र नियम मिळाले ते २०१६ मध्ये. त्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्याला काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-माल असे वेगळे करणे आले होते. त्याच वर्षी सुधारलेल्या आयएस ३८३ ने, म्हणजे खडी-वाळूच्या भारतीय मानकाने, पाडकामातल्या काँक्रीटच्या खडीलाही ठरावीक प्रमाणात मान्यता दिली. ही खडी पाणी जास्त पिते, म्हणून वापरण्याआधी भिजवून घ्यावी लागते. आणि विटा-प्लास्टर मिसळलेला ढीग त्या कामाचा राहत नाही. पाडतानाच स्लॅब-कॉलमचे काँक्रीट वेगळे टाकावे, कारण एकदा डंपरमध्ये एकत्र भरले की ते निवडायची मजुरी नव्या खडीपेक्षा महाग पडते.