भेंडीचं बी आणि फेब्रुवारीची पहाट

संक्रांत सरली की मुळशी-भोरकडे दहा-वीस गुंठ्यांत हौसेनं शेती करणाऱ्या पुणेकरांचे हात शिवशिवू लागतात. फेब्रुवारीत दुपारी पारा तिशीपार जातो, उन्हाळा आलाच म्हणून भेंडी, गवार, मिरचीचं बी पडतं, आणि पुढे दोन आठवडे वाफ्यात हालचाल नाही. बोल लागतो बियाणेवाल्याला. पण याच दिवसांत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, आणि बी दुपारइतकंच पहाटही सोसत असतं.

मिरचीचं बी २५ अंशांच्या मातीत आठ-नऊ दिवसांत वर येतं. १५ अंशांत त्यालाच साधारण २५ दिवस लागतात. थंडीत विकरं (एन्झाइम) मंदावतात, साठवलेलं अन्न हळू फुटतं, हे एक कारण. भेंडी-गवारीच्या बाबतीत खरी गोम पाणी शोषण्याच्या पहिल्या काही तासांत असते. कोरड्या बियाच्या पेशींची पातळ आवरणं विस्कटलेली असतात. पाणी मिळालं की ती पुन्हा सांधली जातात. पाणी गार असेल तर सांधणं अर्धवट राहतं, आतली साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरशीला आयतं जेवण मिळतं. म्हणून बी भिजवायचं तर कोमट पाण्यात, आणि वाफ्याला पाणी सकाळी ऊन चढल्यावर. संध्याकाळी भिजवलेला वाफा रात्रभर गारच राहतो.

गार आणि ओल्या ट्रेमधली रोपं कोलमडतात तीही याच मेळानं. वाकून पाहा: पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक. असं रोप वाचत नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, वापरायचा तो आधीच, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिसळून.

आता ट्रे ठेवायचा कुठे? मुंग्या-उंदरांच्या धास्तीनं बहुतेक जण विटा रचून फूटभर उंचीवर ठेवतात. इथे पुण्याचंच एक संशोधन आठवतं. १९३२ मध्ये इथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास आणि सहकारी आत्मनाथन यांनी त्याच वर्षी दाखवलं, की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, तर वीत-दोन वीत वर असते; फरक कधी कधी दोन-चार अंशांचाही पडतो. मोजणीतच चूक असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. पटण्याजोगा सिद्धांत मांडला गेला तो थेट १९९३ मध्ये, बंगळूरच्या शास्त्रज्ञांकडून. म्हणजे विटांवरचा ट्रे नेमका त्या गार थरात सापडू शकतो. शिवाय जमिनीत दिवसभर मुरलेली ऊबही त्याला मिळत नाही. त्यापेक्षा तो रात्री जमिनीवर टेकवावा आणि वर गोणपाट टाकावं. उंदरांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल, त्याला इलाज नाही.

पानगळीचा पाला या दिवसांत ढिगानं मिळतो. तो जाळू नका, पण पेरलेल्या वाफ्यावर लगेच पसरूही नका, कारण आच्छादनाखाली माती दुपारी तापत नाही. रोपं चांगली टिचभर झाली, पहाटेचं स्वेटर कपाटात गेलं, की मग जाड थर द्या. एप्रिलच्या उन्हात तोच उपयोगी पडतो.