वयानुसार रक्तदाब

रक्तदाब म्हणजे बोलण्यातलं बीपी, मोजतात मिलिमीटर पाऱ्यात. मोठ्या माणसाचं 120/80 च्या आत असलं की ठीक, हे सगळ्यांना माहीत असतं, घोळ होतो तो वयाचा.

‘शंभर अधिक वय’ हा हिशोब अजून चालतो, म्हणजे सत्तरीतल्या आजोबांचं वरचं 170 आलं तरी ‘वयाच्या मानाने बरोबरच आहे’. साधारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही हाच हिशोब धरायचे. इटालियन डॉक्टर रिवा-रोचींचा दंडाला बांधायचा पट्टा 1896 चा, स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढायची रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हांची पद्धत 1905 ची, पुढे रीडिंग साठत गेली तसं दिसलं की वयाबरोबर सरासरी चढते, आणि जे सर्रास दिसतं तेच नॉर्मल असं धरलं गेलं. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला एवढा दाब लागतोच, असंही एक मत होतं.

ते आता फारसं टिकत नाही. अमेरिकेत फ्रामिंगहॅमला 1948 पासून चाललेल्या पाहणीत दिसलं की वरचा आकडा चढतच जातो पण खालचा पन्नाशी-साठीनंतर उतरायला लागतो, आणि हृदयविकाराचा धोका वरच्याशीही जोडलेला आहे. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, त्यांचं बीपी वयाबरोबर चढत नाही, तेव्हा ही चढण अटळ म्हणता येत नाही. 1991 मध्ये ‘शेप’ चाचणीत साठीपुढच्यांचं नुसतं वरचं बीपी औषधाने उतरवल्यावर पक्षाघात साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, 2008 च्या ‘हायव्हेट’ने ऐंशीपुढच्यांनाही फायदा दाखवला.

किती उतरवायचं यावर मात्र एकमत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका समितीने साठीनंतर 150/90 पर्यंत चालेल म्हटलं, त्यातल्याच काही सदस्यांना ते पटलं नाही, आणि 2017 च्या तिथल्या मार्गदर्शक सूचनांनी 130/80 पासूनच उच्च रक्तदाब धरला, वय काहीही असो. भारतात निदानाला 140/90 ची रेघ वापरतात. ठणठणीत म्हाताऱ्याला 130 च्या आसपास आणायला हरकत नसावी, थकलेल्या, तोल जाणाऱ्या माणसाला तोच हट्ट धरू नये, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

लहान मुलांना एकच आकडा लावत नाहीत, वय, उंची आणि मुलगा की मुलगी बघून तक्त्यावरून ठरवतात, तेराव्या वर्षापासून मोठ्यांचेच आकडे. पट्टाही लहान लागतो, तसंच जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की बीपी उगीच जास्त दिसतं. गरोदरपणात मधल्या महिन्यांत ते थोडं उतरतं आणि शेवटी परत चढतं, 140/90 ला लक्ष ठेवावं लागतं, 160/110 ला लगेच उपचार.

वयस्कांचं बीपी उभं करूनही मोजावं. तीन मिनिटांत वरचं 20 किंवा खालचं 10 ने पडलं तर चक्कर येऊन पडायची भीती असते, आणि गोळ्यांचा डोस ठरवताना डॉक्टरला हे रीडिंग बसून घेतलेल्याइतकंच कामाचं असतं.