मातीच्या कोर्टवरील चॅलेंजर टेनिस स्पर्धा: प्रवेशाची पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये एटीपी (पुरुष व्यावसायिक खेळाडूंची संघटना) टूरच्या खालोखाल चॅलेंजर टूरचा स्तर येतो. या स्पर्धांचे ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ असे पाच वर्ग असून, एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण वर्गाच्या आकड्याइतकेच असतात. बोर्डो किंवा ट्यूरिनसारख्या ठिकाणी मातीच्या कोर्टवर १७५ वर्गाच्या स्पर्धा झाल्या आहेत. कोर्ट मातीचे असो वा हार्ड, प्रवेशाचे नियम तेच राहतात. क्रमवारी पृष्ठभागानुसार वेगळी काढली जात नाही, त्यामुळे मातीवर उत्तम खेळणाऱ्याला केवळ त्या कारणाने यादीत वरची जागा मिळत नाही, हे अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

वयाची अट अशी, की १४ वर्षे पूर्ण न झालेल्या खेळाडूला प्रवेश नाही, १४ आणि १५ वर्षांच्या खेळाडूंना वर्षभरात ठरावीक संख्येइतक्याच व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात आणि १६ व्या वर्षापासून ही मर्यादा उठते. क्रमवारीत अगदी वर असलेल्या खेळाडूंनाही या स्तरावर मुक्त प्रवेश नसतो.

एकेरीचा मुख्य ड्रॉ (सामन्यांचा तक्ता) साधारणपणे ३२ जणांचा असतो. त्यात तीन जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे क्रमवारी न पाहता दिलेल्या खास प्रवेशाच्या, आणि सहा पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या असतात, तर उरलेल्या बहुतेक जागा क्रमवारीनुसार थेट भरल्या जातात. पात्रता फेरीत २४ खेळाडू चार-चारच्या सहा गटांत खेळतात, म्हणजे दोन सामने जिंकणारा मुख्य फेरीत पोहोचतो.

अर्ज कागदावर करायचा नसतो. खेळाडूने एटीपीच्या ऑनलाइन खेळाडू प्रणालीत नोंदणी करून, स्पर्धेच्या काही आठवडे आधी येणाऱ्या अंतिम मुदतीपूर्वी आपले नाव नोंदवायचे असते. मुख्य फेरी आणि पात्रता फेरी यांच्या याद्या वेगवेगळ्या लागतात. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळानुसार दिली आहे, हे दोनदा तपासावे. या एका गफलतीने हुकलेला आठवडा परत मिळत नाही. मुदत संपल्यावर अर्जदारांची यादी क्रमवारीनुसार लावली जाते आणि ज्यांना जागा मिळत नाही ते पर्यायी खेळाडूंच्या यादीत जातात. वरच्या खेळाडूंनी माघार घेतली की ही यादी पुढे सरकते, आणि ती बरीच सरकते, कारण त्याच आठवड्यात अन्यत्रही स्पर्धा असतात. मात्र मुदतीनंतर माघार घेणाऱ्यावर नियमानुसार कारवाई होऊ शकते, म्हणून 'बघू नंतर' म्हणत नाव टाकून ठेवू नये.

क्रमवारी कमी पडत असेल, तर काही वाटा उरतात. वाइल्ड कार्डसाठी आयोजकांकडे किंवा आपल्या राष्ट्रीय संघटनेकडे लेखी विनंती करावी लागते. त्यात अलीकडचे निकाल, विशेषतः मातीवरचे, जरूर नमूद करावेत, कारण मातीवरचा खेळ लक्षात घेतला जाण्याची शक्यता असलेली हीच एक जागा आहे. वाइल्ड कार्डच्या बदल्यात पैसे देणे किंवा घेणे हा भ्रष्टाचारविरोधी नियमांचा भंग आहे, हेही सांगायला हवे. दीर्घ दुखापतीतून परतणाऱ्याला संरक्षित क्रमवारी, म्हणजे दुखापतीच्या सुरुवातीच्या काळातील क्रमवारीवर ठरणारा क्रमांक, मागता येते. त्यासाठी किमान सहा महिने स्पर्धांपासून दूर असणे आणि लेखी अर्ज मुदतीत केलेला असणे आवश्यक आहे. ही क्रमवारी प्रवेशासाठी चालते, मानांकनासाठी (अव्वल खेळाडू सुरुवातीलाच समोरासमोर येऊ नयेत म्हणून दिलेला क्रम) नाही. आदल्या आठवड्याच्या स्पर्धेत अजून खेळत असल्यामुळे जो पात्रता फेरीला पोहोचू शकत नाही, त्याच्यासाठी विशेष सवलतीची तरतूद आहे. मातीवर पावसामुळे सामने लांबतात, तेव्हा ही तरतूद नुसती कागदावर राहत नाही.

कागदपत्रे मोजकीच लागतात. वैध पासपोर्ट हवा आणि त्यावरील नाव व जन्मतारीख नोंदणीशी अक्षरशः जुळायला हवी. यजमान देशाचा व्हिसा लागत असेल, तर आयोजकांकडून निमंत्रणपत्र लवकर मागवावे. शेंगेन क्षेत्रात (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत) अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे युरोपातील मातीचा संपूर्ण हंगाम खेळू पाहणाऱ्याने दिवसांचा हिशेब आधीच मांडावा. उत्तेजकविरोधी आणि भ्रष्टाचारविरोधी कार्यक्रमांना संमती देणे बंधनकारक आहे. प्रतिबंधित घटक असलेले औषध उपचारासाठी घ्यावे लागत असेल, तर वैद्यकीय सूट डॉक्टरांच्या कागदपत्रांसह मिळवावी. बक्षिसाच्या रकमेसाठी बँकेचा तपशील आणि कराची माहिती द्यावी लागते.

प्रत्यक्ष ठिकाणी पोहोचल्यावर पर्यायी खेळाडूंनी आणि पात्रता फेरीत हरलेल्यांनी ठरलेल्या वेळेत स्वतः सही करावी लागते. मुख्य फेरीत जागा रिकामी झाली, तर पात्रता फेरीत हरलेल्याला 'लकी लूजर' म्हणून ती मिळू शकते; पण सही नसेल, तर ती पुढच्याला जाते. दुहेरीची जोडी आगाऊ नोंदवता येते आणि काही जागांसाठी ठिकाणावरही नाव देता येते. त्या वेळी दोघांच्या क्रमवारीची बेरीज पाहिली जाते.