नोडची घडी घातली आणि पंखाच लागेना

घोडबंदर रोडला मुलांच्या कोडिंग क्लासचं होर्डिंग लागलंय, 'कोड लिहायचाच नाही, मग चूक होईलच कशी?' साफ खोटं आहे हे. कोड न लिहिता स्क्रीनवर डबे आणि वायरी जोडून प्रोग्राम करायचं काम एमआयटीत बर्ट सदरलँड यांनी १९६६ मध्ये पीएचडीसाठी केलं होतं, १९८६ मध्ये लॅबव्ह्यू हे असंच डबे-वायरींचं सॉफ्टवेअर आलं, पण बग काही संपले नाहीत.

त्यातला सगळ्यात भारी बग म्हणजे नोड कोलॅप्स करतानाचा. नोड म्हणजे एक काम करणारा डबा, आणि डेटाफ्लोमध्ये, म्हणजे वायरींतून डेटा पुढे सरकतो अशा प्रोग्राममध्ये, त्याचा साधा नियम असा की सगळ्या इनपुट वायरींवर डेटा आला की मगच तो चालतो. स्क्रीनवर गुंता झाला की काही नोड सिलेक्ट करून त्यांचा एकच मोठा नोड करायचा, हेच कोलॅप्स, म्हणजे आतल्या वायरी लपतात आणि बाहेर ये-जा करणाऱ्या तेवढ्या दिसतात. नुसती आवराआवर वाटते ना?

आता तीन नोड घ्या. अ खोलीचं तापमान वाचतो, ब सरासरी काढतो, क ती बघून पंखा लावतो. तुम्ही अ आणि क सिलेक्ट करून त्यांचा म केला, ब बाहेरच राहिला. आता म कडून ब कडे एक वायर जाते आणि ब कडून एक म मध्येच परत येते, म्हणजे म ला ब चं उत्तर आल्याशिवाय सुरूच होता येत नाही आणि ब ला म चं, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि पंखा लागत नाही. मूळ चित्रात चक्र नव्हतंच, ते कोलॅप्सने जन्माला घातलं! बंद करून चालू करायचा तोडगा इथे चालत नाही, चक्र फाइलमध्येच सेव्ह झालेलं असतं. जे एडिटर चालवताना मोठा नोड पुन्हा उलगडतात, तिथे हा त्रास नाही.

आर्थर कान यांच्या १९६२ च्या पद्धतीने चक्र पकडता येतं: ज्याच्यात एकही वायर येत नाही तो नोड काढा, त्याच्या वायरी काढा, पुन्हा तेच करा, शेवटी काही उरलं तर चक्र आहे. पण कोलॅप्सच्या आधीच तपासलेलं बरं. सिलेक्शनमधून बाहेर पडणारी प्रत्येक वायर धरून बाहेरच्या नोडमधून पुढे पुढे जात राहायचं, परत सिलेक्शनमध्ये शिरलात तर तो संच कॉन्व्हेक्स (बाहेर जाऊन परत आत येणारी वाट नसलेला) नाही, कोलॅप्स करू नका.

ऐरोली-वाशीकडची जी पोरं प्रोजेक्टला असा एडिटर बनवतायत त्यांनी नुसतं 'करता येत नाही' असं सांगून थांबू नये, वाटेतला ब लाल करून दाखवावा आणि 'हाही आत घेऊ का?' असं विचारावं.