एफडीएचा पैसा वेगळा, एफडीएची मान्यता वेगळी

नवे औषध शोधायचे तर आधी ते पारखायची साधने लागतात: आजाराची चाल दाखवणारे बायोमार्कर, रुग्णाचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावल्या, प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या पद्धती. अमेरिकेत अशा साधनांच्या संशोधनाला सरकार पैसा देते आणि तयार साधनांना एफडीए, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था, अधिकृत मान्यताही देते. या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, कारण अनुदान देणाऱ्यांत एफडीएही असते.

अनुदान मिळते ते प्रश्न विचारण्याजोगा आहे म्हणून. उत्तर नकारार्थी आले तरी पैसा वाया गेला असे कोणी मानत नाही. मान्यतेचा रस्ता निराळा. २०१६ च्या ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स’ कायद्याने त्याचे तीन टप्पे ठरवले: आधी इरादापत्र, मग आराखडा, शेवटी संपूर्ण पुराव्याचे बाड. एकदा मान्यता मिळाली की ते साधन कोणतीही कंपनी वापरू शकते. ते योग्य का, हे दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागत नाही. मात्र ठरवून दिलेल्या वापरापुरतेच. ही अट लोक विसरतात, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजाराचेच पाहा. यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होऊन ती मोठी होत जातात. मूत्रपिंडाचा आकार दरवर्षी एमआरआयने मोजणारा ‘क्रिस्प’ हा अभ्यास २४१ रुग्णांवर झाला. पैसा एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा, म्हणजे एफडीएचा नव्हेच. पुढे ही आणि इतर ठिकाणची माहिती एकत्र करून क्रिटिकल पाथ इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेच्या गटाने एफडीएकडे अर्ज केला आणि २०१६ मध्ये मान्यता मिळवली. कशासाठी? ज्यांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होण्याचा धोका जास्त, असे रुग्ण चाचणीसाठी निवडायला. तेही वय आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता सोबत धरून.

औषध लागू पडले का, हे ठरवणे त्या मान्यतेत नव्हते. हा फरक कागदोपत्री नाही. याच आजारावरच्या टॉल्व्हॅप्टन या औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीत मुख्य मोजमाप मूत्रपिंडाच्या आकाराचेच होते आणि त्याची वाढ मंदावलीही. तरी २०१३ मध्ये एफडीएने या आजारासाठी परवानगी नाकारली. ती मिळाली २०१८ मध्ये, कार्यक्षमतेची घसरण मंदावते हे दुसऱ्या चाचणीने दाखवल्यावर.